येणाऱ्या माणसाला काम काय देणार?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. छोटं संग्रहालय आहे, त्याला जोडून एक सभागृह. पूर्णवेळ माणसं मोजकी. कार्यक्रमांची जबाबदारी प्रश्न विचारणाऱ्यांकडे नव्याने आली आहे. दर महिन्याला व्याख्यान होतं, वर्षातून एकदा मुलांची चित्रकला स्पर्धा होते, सुट्टीत हस्तकलेची कार्यशाळा होते. येणारे चेहरे मात्र तेच ते. विश्वस्त म्हणतात, ‘काहीतरी क्रिएटिव्ह करा, तरुण मंडळी यायला हवीत.’ हाताशी पैसे जवळपास नाहीत. म्हणून त्यांनी नवनव्या कार्यक्रमांची यादी मागितली आहे, आणि जाता जाता विचारलं आहे की स्वयंसेवक टिकत नाहीत, त्याचं काय करावं.

यादी देणं सोपं आहे. रात्रीची सफर, वस्तूंवरून कथालेखन, कोडी सोडवत दालनं फिरणं, स्केचिंगची संध्याकाळ, दालनात संगीत. शोधलंत तर अशा शंभर कल्पना पाच मिनिटांत मिळतील. यातलं काहीही केलंत तरी पहिल्या वेळी गर्दी होईल आणि तिसऱ्या वेळी पुन्हा ओळखीचेच चेहरे दिसतील. कल्पनांचा तुटवडा मी आजवर एकाही संस्थेत पाहिलेला नाही. त्यामुळे यादी बाजूला ठेवू.

तुमच्या तिन्ही कार्यक्रमांकडे जरा नीट बघा. व्याख्यानाला वीस माणसं आली काय आणि दोनशे आली काय, वक्ता तेच बोलणार. स्पर्धेतलं चित्र मुलाने घरी बसून काढलं असतं तरी बिघडलं नसतं. कार्यशाळेत मुलं जे काही बनवतात त्याचा तुमच्या कपाटांत काय ठेवलं आहे याच्याशी काडीचा संबंध नाही. म्हणजे येणाऱ्या माणसांवाचून तुमचं काही अडत नाही, आणि संग्रहावाचूनही काही अडत नाही. कार्यक्रम ठरवताना मी दोनच गोष्टी विचारते. ही माणसं आली नाहीत तर आपलं काय अडेल? ही वस्तू, ही जागा नसती तर काय अडलं असतं? दोन्हींचं उत्तर ‘काही नाही’ असेल तर तो कार्यक्रम भाड्याच्या कुठल्याही हॉलमध्ये होऊ शकतो. मग लोकांनी तो तुमच्याकडेच येऊन का बघावा?

केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियमचं उदाहरण मी याबाबतीत नेहमी देते. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी सरकारने १९६६ मध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग फक्त गोऱ्यांसाठी असल्याचं जाहीर केलं. पुढच्या काळात तिथून ६० हजारांहून जास्त माणसांना उठवलं आणि त्यांची घरं पाडली. १९९४ च्या डिसेंबरमध्ये तिथल्याच एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये हे संग्रहालय उघडलं. जमिनीवर त्या भागाचा भलामोठा नकाशा आहे. विस्थापित झालेली माणसं यायची, आपली गल्ली शोधायची आणि आपलं घर जिथे होतं तिथे नाव लिहायची. कापडाच्या लांब पट्ट्यांवरही लोकांनी नावं आणि आठवणी लिहिल्या, आणि पुढे त्या अक्षरांवरून दोरा फिरवून भरतकाम केलं गेलं.

साहित्य काय लागलं? नकाशा, पेन, कापड. पण त्या माणसांशिवाय तो नकाशा अपुरा होता. गल्ल्याच उरल्या नव्हत्या, त्यामुळे कोण कुठे राहायचं ही माहिती फक्त त्यांच्याकडे होती. संग्रहालयाला त्यांची गरज होती, आणि ती दिखाऊ नाही हे त्यांनाही कळत होतं. ‘सहभाग’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. मला त्याचा अर्थ एवढाच वाटतो: संस्थेला जे स्वतःच्या बळावर करता येत नाही ते येणाऱ्या माणसाने करायचं, आणि त्याने केलेलं संस्थेने खरोखर वापरायचं.

यावर कोणीतरी म्हणेल की तिथे एवढी मोठी जखम होती, आमच्याकडे तसं काय आहे? मान्य. पण तत्त्व साध्या कामालाही लागू होतं. मार्टिन पोस्टमा यांनी २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये पहिलं रिपेअर कॅफे भरवलं. आता अशी केंद्रं कितीतरी देशांत चालतात. तिथे बिघडलेली वस्तू टाकून निघून जायचं नसतं. दुरुस्ती जाणणाऱ्या माणसाशेजारी बसायचं, हात लावायचा, बघायचं. टोस्टर सुरू होतो किंवा होत नाही, पण तासभर दोन अनोळखी माणसं एकाच स्क्रूकडे बघत बसलेली असतात. तुमच्या संग्रहात जुनी हत्यारं असतील तर त्याच दालनाबाहेर असं टेबल मांडलं की हत्यारं कशासाठी होती हे पाटीवर लिहून सांगायची वेळ येत नाही.

आता तुमच्याकडे वळते. ‘तेच ते चेहरे’ ही तुम्हाला अडचण वाटते. मला ती तुमची सगळ्यात मोठी शिल्लक वाटते. ही माणसं वर्षानुवर्षं येतात आणि तुम्ही त्यांना खुर्चीत बसवून ठेवता. जवळपास प्रत्येक छोट्या संग्रहालयाच्या कपाटात एक खोका असतो: ओळख न पटलेली छायाचित्रं. कोण आहेत माहीत नाही, कुठली इमारत आहे माहीत नाही, नोंदीत फक्त ‘समूहचित्र, अज्ञात’. तुमच्याकडेही असा खोका असेल तर पहिला कार्यक्रम त्याचाच करा.

हा कार्यक्रम कसा करायचा ते जरा खोलात सांगते, कारण यशापयश अशाच बारकाव्यांवर ठरतं. मूळ फोटो टेबलावर आणायचे नाहीत, मोठ्या आकाराच्या प्रती काढायच्या. पडद्यावर एकेक फोटो दाखवून ‘ओळखा पाहू’ करायचं नाही, कारण मोठ्या आवाजाची दोन माणसंच उत्तरं देतात आणि बाकीचे प्रेक्षक होऊन जातात. त्याऐवजी चार-पाच जणांचं एक टेबल, टेबलावर मोजक्याच प्रती, प्रत्येक प्रतीला नोंदक्रमांक, एक भिंग आणि एक तक्ता. तक्त्यात रकाने चारच: कोण, कुठे, साधारण कधी, आणि कशावरून. हा चौथा रकाना सोडू नका. ‘हे जुनं टपाल कार्यालय’ एवढंच लिहिलेलं असलं तर ते नोंदीत घेता येत नाही. ‘हे जुनं टपाल कार्यालय, कारण डावीकडचा जिना बाहेरून होता आणि मी त्यावरून रोज चढायचो’ असं लिहिलं की अभिरक्षकाला, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या क्युरेटरला, पडताळणीचा धागा मिळतो. दोघांचं पटलं नाही तर दोन्ही मतं नावानिशी लिहायची, टेबलावर निकाल लावायचा नाही. टेबलावर निकाल लागला की हरलेला माणूस पुढच्या वेळी येत नाही.

आणि मग पुढचं, जे बहुतेक संस्था विसरतात. पडताळणी झाल्यावर नोंदवहीत ‘ओळख पटवणारे’ म्हणून त्या माणसाचं नाव, त्याची हरकत नसेल तर, लिहायचं आणि त्याला ती नोंद दाखवायची. छापून, हातात देऊन. हे केलंत तर पुढच्या वेळी तो एकटा येत नाही, त्या काळातली आणखी दोन माणसं घेऊन येतो. नवे लोक कसे मिळवायचे याचं मला माहीत असलेलं सगळ्यात भरवशाचं उत्तर हेच आहे.

विश्वस्तांची तरुण मंडळी? तीही याच टेबलावर हवीत. पण प्रेक्षक म्हणून बोलावू नका. वयस्क माणसं भराभर बोलतात, कोणीतरी लिहून घ्यायला हवं, आवाज रेकॉर्ड करायला हवा, आजच्या नकाशावर ती जागा शोधून खूण करायला हवी. प्रत्येक टेबलावर एकाला हे काम द्या. वीस वर्षांच्या मुलाला व्याख्यानाला बोलावलंत तर तो येणार नाही. ‘तुझ्यावाचून हे टेबल चालणार नाही’ असं काम दिलंत तर येण्याची शक्यता बरीच वाढते. सगळेच येतील असं मी म्हणत नाही.

काम खरं असलं म्हणून पुरत नाही, ते अरुंदही असावं लागतं. दालनाच्या शेवटी वही ठेवून वर ‘तुमच्या आठवणी लिहा’ असं लिहिणाऱ्या संस्थांची मला गंमत वाटते. आपल्याला कोणी रस्त्यात थांबवून ‘आठवण सांगा’ म्हटलं तर आपण काय सांगू? क्रोएशियातल्या झाग्रेबचं म्युझियम ऑफ ब्रोकन रिलेशनशिप्स बघा. ओलिंका विश्तिका आणि द्राझेन ग्रुबिशिच या दोन कलाकारांचं स्वतःचं नातं संपलं, त्यातून २००६ मध्ये त्यांनी फिरतं प्रदर्शन सुरू केलं आणि २०१० मध्ये कायमचं संग्रहालय उघडलं. लोक तिथे तुटलेल्या नात्यातली एखादी वस्तू देतात. मागणी अगदी नेमकी असते: एक वस्तू, नातं किती काळ टिकलं, कुठे, आणि तिची गोष्ट. तिथे बर्लिनहून आलेली एक कुऱ्हाड आहे. सोडून गेलेल्या जोडीदाराचं फर्निचर दात्याने त्या कुऱ्हाडीने रोज थोडंथोडं फोडलं होतं. ‘प्रेमाबद्दल तुमचे विचार लिहा’ अशी पाटी लावली असती तर ती कुऱ्हाड कधीच आली नसती.

प्रश्न कसा घासून अरुंद करायचा ते एका उदाहरणावरून सांगते. समजा दालनात जुन्या कुलपांचा संग्रह आहे आणि शेजारी लोकांकडून काहीतरी लिहून घ्यायचं आहे. पहिला मसुदा बहुधा असा येतो: ‘सुरक्षितता म्हणजे तुमच्यासाठी काय?’ यावर घोषवाक्यं मिळतात. दुसरा मसुदा, ‘कुलपाशी जोडलेली एखादी आठवण लिहा.’ हा बरा, पण लोक दोन क्षण विचार करून पुढे सरकतात. आता हा बघा: ‘तुमच्याकडे अशी कुठली किल्ली आहे का, जिचं कुलूप आता उरलेलं नाही?’ इथे माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो. किल्ल्यांचा जुडगा बाहेर निघतो, त्यातली एक किल्ली वेगळी धरली जाते. मग फक्त एवढंच सांगायचं की ती कागदावर ठेवा, पेन्सिलीने कडेने रेघ ओढा आणि खाली एका ओळीत लिहा, ती काय उघडायची. तो कागद संग्रहालयाच्या पाटीइतक्याच आकाराचा ठेवायचा आणि कुलपांच्या कपाटाशेजारी पाटीसारखाच लावायचा. दोन-तीन आठवड्यांत भिंतीवर किल्ल्यांचं दुसरं प्रदर्शन उभं राहतं, आणि लोक कुलपांपेक्षा जास्त वेळ तिथे थांबतात.

चांगल्या प्रश्नाची माझी कसोटी साधी आहे. उत्तर एका वाक्यात देता यावं. त्यात बरोबर-चूक नसावं. ते फक्त त्याच माणसाला माहीत असावं. आणि मला स्वतःला ते वाचायची उत्सुकता असावी, हे सगळ्यात महत्त्वाचं. प्रश्न ठरला की संस्थेतल्या सुशिक्षित मंडळींना दाखवू नका, ती सौजन्याने उत्तरं देतात. सुरक्षारक्षकाला विचारा, सामान पोचवायला आलेल्या माणसाला विचारा. ते थांबून बोलायला लागले तर प्रश्न जमला. भिंत रिकामी ठेवून उद्घाटनही करू नका. आधीच पाच-सहा खरी, मनापासून दिलेली उत्तरं लावलेली असली की पुढचे लोक त्याच सुरात लिहितात. पहिल्या चारांत थट्टा असेल तर पुढे सगळी थट्टाच येते.

‘तरुण मंडळी’ या शब्दांकडे परत येते, कारण मला त्यात खोट दिसते. तरुण हा काही गट नव्हे. शिकाऊ परिचारिका, रात्रपाळी करणारे, पहिल्यांदाच गाव सोडून आलेले विद्यार्थी, नुकतेच आईबाप झालेले, यांच्या वेळा वेगळ्या, अडचणी वेगळ्या. एक गट निवडा. मग त्यांना बोलावण्याआधी तुम्ही त्यांच्याकडे जा. ग्लासगोच्या संग्रहालयांचा ओपन म्युझियम हा विभाग १९९० पासून हेच करतो: संग्रहातल्या वस्तू रुग्णालयांत, तुरुंगांत, वृद्धाश्रमांत, वस्त्यांमधल्या केंद्रांत नेतो, आणि काय न्यायचं हे ठरवण्यात तिथल्या लोकांनाही घेतो. कित्येकांना संग्रहालयाच्या दारातून आत जाताना अजूनही अवघडल्यासारखं होतं. कपडे ठीक आहेत ना, तिकीट किती, आत काय बोलायचं, कोणी हटकेल का. हे अवघडलेपण पोस्टर लावून जात नाही. त्यांच्या ओळखीच्या जागेत तुम्ही पाहुणे म्हणून बसलात तर जातं.

ऐकून घेण्याची खरी किंमत वॉशिंग्टनच्या ॲनाकॉस्टिया संग्रहालयाने दाखवली. स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेने १९६७ मध्ये एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात ते वस्तीसाठी उघडलं. जॉन किनार्ड संचालक होते. परिसरातल्या मुलांच्या बोलण्यात सारखे उंदीर यायचे, कारण घराघरांत तोच त्रास होता. १९६९ मध्ये संग्रहालयाने चक्क उंदरांवर प्रदर्शन केलं, त्यात जिवंत उंदीरसुद्धा ठेवले. आज हे वाचायला गमतीचं वाटतं, पण विचार करा: किती संस्था लोकांना ‘तुम्हाला काय हवं’ असं विचारतील आणि उत्तर ‘उंदीर’ आल्यावर तेच करतील? बहुतेक ठिकाणी सल्लामसलत होते आणि मग आधी ठरलेलंच प्रदर्शन लागतं. उत्तर स्वीकारायची तयारी नसेल तर विचारू नका. लोकांना एकदा विचारून वाऱ्यावर सोडलं की पुढची काही वर्षं ते तुमच्या वाटेला जात नाहीत.

आणखी एक पायरी वर जायची असेल तर मार्गदर्शकाची जागाच सोडून द्यायची. बर्लिनमध्ये २०१५ च्या अखेरीला ‘मुल्तका’ प्रकल्प सुरू झाला. सीरिया आणि इराकमधून आलेल्या निर्वासितांना प्रशिक्षण देऊन त्यांनाच संग्रहालयांत मार्गदर्शक म्हणून नेमलं, आणि ते आपल्यासारख्याच नव्याने आलेल्यांना अरबीत दालनं दाखवू लागले. त्यांच्याच प्रदेशातून आलेल्या वस्तू त्या दालनांत होत्या. सीरियातून आलेला माणूस तिथल्या जुन्या लाकडी नक्षीकामासमोर उभा राहून बोलतो तेव्हा त्याचं ज्ञान आणि क्युरेटरचं ज्ञान वेगळं असतं, आणि दालनाला दोन्ही लागतात. छोट्या संस्थेला एवढं जमणार नाही, पण महिन्यातला एक दालनफेरा एखाद्या सुताराकडे, शिंप्याकडे किंवा परिचारिकेकडे सोपवणं जमतं. अट एकच, त्यांना आपलं भाषण पाठ करायला लावायचं नाही.

इथपर्यंतचं सार दोन ओळींत: एक गट निवडा, त्यांना खरं आणि अरुंद काम द्या, केलेलं वापरा आणि वापरलेलं त्यांना दाखवा. पुढचं सगळं हे नीट पार पाडण्याबद्दल आहे.

सूत्रसंचालनाबद्दल. चित्रांसमोर किंवा वस्तूंसमोर गटाला बोलतं करायचं असेल तर ॲबिगेल हाउसेन आणि फिलिप येनवाइन यांनी विकसित केलेल्या पद्धतीतले तीन प्रश्न मी आजही वापरते. या चित्रात काय चाललं आहे? असं तुम्ही कशावरून म्हणता? आणखी काय दिसतं? बस. माहिती सांगायची घाई करायची नाही. प्रश्न विचारल्यावर शांतता पसरते आणि नव्या माणसाला ती सहन होत नाही, तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. एकदा तसं झालं की गटाला कळतं की थांबलं की उत्तर मिळतं, आणि सगळे पुन्हा श्रोते होतात. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. कोणीतरी बोलतंच. ‘कशावरून’ हा प्रश्न मात्र आवाजात संशय न आणता विचारायला शिकावं लागतं, नाहीतर तो उलटतपासणीसारखा वाटतो.

रात्रीच्या मोठ्या कार्यक्रमांचा मोह विश्वस्तांना होणारच. बर्लिनने १९९७ मध्ये संग्रहालयांची ‘लांब रात्र’ सुरू केली आणि ती कल्पना युरोपभर पसरली. माझं त्यांच्याशी वैर नाही. एका रात्रीत जागा लोकांना माहीत होते, हे खरंच आहे. पण अशा रात्रीचा उपयोग दाखवण्यापुरता, नातं जोडायला नाही. छोट्या संस्थेची वर्षाची सगळी शक्ती एका रात्रीत गेली आणि दुसऱ्या आठवड्यात येणाऱ्यासाठी काहीच नसलं तर ती गर्दी वाहून जाते. आधी महिन्याचा छोटा, न चुकणारा कार्यक्रम बसवा. मोठी रात्र त्यानंतर, आणि त्या रात्री लोकांना पुढच्या छोट्या कार्यक्रमाचं नेमकं आमंत्रण हातात द्या.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या इथे बसून मला सांगता येणार नाहीत. तुमच्या संग्रहातल्या किती वस्तू हाताळता येतात? लोकांच्या मनात संस्थेबद्दल आधीची काही नाराजी आहे का? संध्याकाळी इमारत उघडी ठेवायला माणूस आहे का? संग्रहच नाही, फक्त सभागृह आहे अशा सामुदायिक संस्थांसाठी माणसांवर बेतलेले प्रकार जास्त चालतात. २००० साली डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात सुरू झालेलं ह्यूमन लायब्ररी हा त्यातला एक. तिथे पुस्तकाऐवजी माणूस ‘वाचायला’ मिळतो, ठरावीक वेळेसाठी, आणि ज्याच्याबद्दल समाजात पूर्वग्रह आहेत अशा माणसाला थेट प्रश्न विचारता येतात. हा प्रकार दिसतो तितका सोपा नाही. ‘पुस्तक’ झालेल्या माणसाची तयारी करून घेणं आणि त्याला नको तो प्रश्न टाळण्याची मुभा देणं, यातच बहुतेक मेहनत जाते.

वस्तूंच्या सुरक्षिततेबाबत तडजोड नको, मग कार्यक्रम कितीही छान असो. दालनात पेन नाही, पेन्सिलच. ओला रंग आणि डिंक वेगळ्या खोलीत. कागद आणि कापड यांच्यावरचा प्रकाश साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आत ठेवण्याचा प्रघात आहे, तेव्हा नाट्यवाचनासाठी आणलेला दिवा जुन्या पोशाखावर सोडायचा नाही. हाताळायच्या वस्तूंचा संच नोंदणीकृत संग्रहापासून वेगळा ठेवा: दुबार आलेल्या, फारसं मोल नसलेल्या, तुटल्या तरी चालेल अशा. अभिरक्षकाला अगदी सुरुवातीपासून बैठकीत बसवा. शेवटच्या आठवड्यात विचारलंत तर तो ‘नाही’च म्हणणार, आणि त्याचं बरोबर असणार.

लोकांच्या गोष्टी घेत असाल तर लेखी संमती घ्या, आणि ती साध्या भाषेत असू द्या: हे आम्ही कुठे वापरू, तुमचं नाव हवं की नको, नंतर विचार बदलला तर काढून टाकता येईल. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय कुठेही नाहीत. आणि दालनफेरा करणाऱ्या सुताराला मानधन द्या. व्याख्यात्याला पाकीट आणि सुताराला टाळ्या, हा भेद लोकांना लगेच कळतो. पैसे कमी असतील तर वर्षातली दोन व्याख्यानं कमी करा, पण दोघांनाही द्या.

मोजायचं कसं? ‘कार्यक्रम आवडला का’ असा फॉर्म भरून घेऊ नका, सगळे आवडलाच लिहितात. कोपऱ्यात उभं राहून बघा. लोक किती वेळ थांबले, अनोळखी माणसांशी बोलले का, काम पूर्ण केलं का, पुढच्या वेळी कोणाला घेऊन आले. विश्वस्तांना आकडे हवे असतात हे मला माहीत आहे. त्यांना उपस्थितीसोबत आणखी दोन आकडे द्यायला सुरुवात करा: परत आलेले किती, आणि लोकांच्या मदतीने संग्रहात नव्याने भरलेल्या नोंदी किती. दुसरा आकडा बहुतेक विश्वस्तांनी कधी ऐकलेलाच नसतो, त्यामुळे तो लक्षात राहतो. कोणी म्हणालंच की हे संग्रहालयाचं काम नव्हे, तर आयकॉम या संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्रागला मंजूर केलेली संग्रहालयाची व्याख्या समोर ठेवा. समुदायांच्या सहभागाने काम करणं हा तिचा भाग आहे.

राहिले स्वयंसेवक. तुम्ही लिहिलं आहे की ते उत्साहाने येतात आणि दोन-तीन महिन्यांत दिसेनासे होतात. तुम्ही त्यांच्याकडून काय करून घेता ते लिहिलेलं नाही, पण मी अंदाज करते: खुर्च्या मांडणं, नावनोंदणीच्या टेबलावर बसणं, पाहुण्यांना रस्ता दाखवणं. ही कामं करावी लागतातच, पण फक्त तीच असतील तर कोणीही टिकणार नाही. प्रत्येकाला एक काम असं द्या जे त्याच्या नावावर असेल आणि ज्याला शेवट असेल. फोटोंच्या एका खोक्याची नोंद पूर्ण करणं, किल्ल्यांच्या भिंतीची देखभाल करून दर महिन्याला त्यातली निवडक पानं जपून ठेवणं, एका टेबलाची नोंद सलग चार बैठका लिहिणं. पहिल्याच दिवशी सांगा की हे अमुक तारखेला संपेल, त्यानंतर तू मोकळा आहेस. ज्याला कधी संपणार हे माहीत असतं तो सहसा संपेपर्यंत थांबतो, आणि त्यातले काही जण दुसरा खोका मागतात. फोटोंच्या पहिल्या बैठकीची तारीख ठरवण्याआधी असे दोन स्वयंसेवक शोधा, खोका त्यांच्यासोबत उघडा, आणि ओळख पटलेले व न पटलेले फोटो वेगळे करण्याचं काम त्यांच्याकडेच द्या.